दुसरं काही कळवायचं नाही

दीनानाथ घरत चौतीस वर्षं पनवेल तालुक्यात टपाल वाटत फिरले. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी दुपारचे साडेबारा वाजले की त्यांचे पाय आपोआप चपला शोधायचे. कामोठ्याला चौथ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. मुलगा परेश बंदरावर नोकरीला. सून रंजिता जवळच्या क्लासमध्ये अकरावी-बारावीला इतिहास शिकवायची. दुपारी बायको, सत्यवती, टीव्ही चालू ठेवूनच झोपायची, आणि दीनानाथ खिडकीशी बसून जुनी पोस्टकार्डं पाहायचे. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हा नियम त्यांनी नोकरीत एकदाही मोडला नव्हता. पण लिहिणारा आणि घेणारा दोघेही जाऊन शंभर वर्षं झाली असतील, तर वाचायला हरकत नसावी, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात पनवेलला जुन्या नाण्यांचं आणि तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथून त्यांनी परदेशी कार्डांची एक चळत आणली. तिच्यात एक फिकट हिरवट कार्ड होतं. एका बाजूला शाईने लिहिलेला पत्ता, वर गोल शिक्का. दुसऱ्या बाजूला छापील नऊ ओळी. नऊच्या नऊ वेगळ्या. काही अक्षरं इंग्रजीसारखी, काही अगदीच अनोळखी. आणि हाताने लिहिलेला मजकूर मात्र शून्य.

संध्याकाळी रंजिता क्लासवरून आली, तेव्हा त्यांनी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिने फोनचा कॅमेरा त्यावर एकेका ओळीवरून फिरवला.

"बाबा, नऊही ओळी एकच आहेत. नऊ भाषांत. ‘मी धडधाकट आहे आणि माझं बरं चाललंय.’"

"बस? इतकंच?"

"इतकंच. आणि हे वर बघा. ‘या कार्डावर दुसरं काही कळवायचं नाही.’"

मग चहा पिता पिता तिने सांगितलं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरी नावाचं साम्राज्य होतं. सम्राट एक आणि त्याच्या राज्यात डझनभर भाषा बोलणारे लोक. जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, इटालियन, स्लोव्हेनियन, अजून कितीतरी. फौजेत हुकूम तेवढे जर्मनमध्ये, ऐंशीच्या आसपास. बाकी सगळं त्या त्या पलटणीच्या भाषेत.

"म्हणजे साहेबाला शिपायाची भाषा शिकायला लागायची?"

"नियम तसा होता. तीन वर्षांत शिका म्हणून."

दीनानाथना हे फार आवडलं. ते मूळचे बेलपाड्याचे. शाळेत पहिल्याच आठवड्यात ‘आमी नाय येत’ म्हणाले म्हणून गुरुजींनी त्यांना बाकावर उभं केलं होतं. ‘ही काय भाषा झाली?’ असं गुरुजींनी विचारलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून त्यांच्या तोंडात दोन मराठ्या नांदत होत्या. एक दाराच्या आतली, एक बाहेरची.

"भला सम्राट होता गं," ते म्हणाले.

"भला कसला, बाबा. नऊ भाषा छापल्या खऱ्या, पण बोलायला वाक्य एकच दिलं. म्हणून तर प्रत्येकाला आपापलं राष्ट्र हवं झालं. लढाई संपली आणि एका राज्याची पाच-सहा झाली. आमच्या पुस्तकात दोन परिच्छेदांत संपतं हे."

त्या रात्रीपासून नाही, पण दुसऱ्या दुपारपासून ते कार्ड दीनानाथच्या मनात येऊन बसलं. भिंग लावून पाहताना त्यांना दोन गोष्टी दिसल्या. नऊपैकी एका ओळीखाली पेन्सिलीचा बारीकसा ठिपका होता, मोहरीएवढासुद्धा नव्हे. आणि पत्त्यावर तिरकी रेघ मारून कोणीतरी पेन्सिलीनेच दोन शब्द खरडले होते. रंजिताच्या फोनने त्यांचा अर्थ सांगितला, ‘गाव रिकामं.’

हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. विमानतळासाठी दहा गावं उठली, त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने कितीतरी पाकिटांवर ‘गाव सोडून गेले’ असं लिहिलं होतं. घरं पाडलेली, विहिरीवर झाकण नाही, आणि हातात कुणाच्या तरी नावाची लग्नपत्रिका. अशी टपालं परत पिशवीत टाकताना ती जड लागायची.

"हे कार्ड पोचलेलंच नाय," ते सत्यवतीला म्हणाले.

"शंभर वर्सांपूर्वीचा कार्ड!" सत्यवती कपाळाला हात लावून म्हणाली. "आता कोनाला पोचवताव?"

पण रंजिताने शोधायला मदत केली. ठिपक्याची ओळ स्लोव्हेनियन निघाली. पत्त्यातलं गावाचं नाव जर्मन होतं, लिंडाख. तिला तीन संध्याकाळी लागल्या. युद्धानंतर ते गाव इटलीत गेलं आणि त्याचं नाव तिल्यानो झालं. दुसऱ्या युद्धानंतर युगोस्लाव्हियात गेलं, लिपनिक झालं. आता स्लोव्हेनियात आहे, नाव लिपनिकच. तिन्ही नावं कसल्याशा एकाच झाडावरून पडलेली.

"गाव जागचं हललं नाही," रंजिता म्हणाली, "देश बदलत गेले."

दीनानाथ हसले. त्यांचा जन्म कुलाबा जिल्ह्यातला. मग जिल्ह्याचं नाव रायगड झालं. गावाभोवती खारघर उभं राहिलं, भाताच्या खाचराला सेक्टरचा नंबर पडला आणि पुढे सगळं महानगरपालिकेत गेलं. कोणी जन्मगाव विचारलं की त्यांना अजूनही क्षणभर थांबावं लागे.

कार्डावरचं नाव आणि तो ठिपका कळवून त्यांनी लिपनिकच्या पोस्टमास्तरांना पत्र लिहिलं. इंग्रजी रंजिताचं, अक्षर त्यांचं. वर मराठीत ‘सविनय नमस्कार’ घातलाच. तिने विचारलं, कळेल का त्यांना? ते म्हणाले, नमस्कार आहे, न कळायला काय झालं?

मग वाट पाहणं सुरू झालं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सकाळी खाडीकडून धुकं यायचं आणि समोरच्या इमारती अर्ध्याच उरायच्या. दुपारी खिडकीशी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा आणि ते चालायला लागायचे. खांद्याला खाकी पिशवी, पायाखाली पांढरं काहीतरी. आधी त्यांना वाटायचं, मिठागरातलं मीठ आहे. मग पाय गार पडायचे आणि कळायचं की बर्फ आहे. बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो मिठासारखाच चुरचुरायचा. दोन्ही बाजूंना घरं. ते एकेका दारावर नाव वाचायचे, पण वाचून होईपर्यंत नावाची अक्षरं बदलायची. पुन्हा वाचायला जावं तर पुन्हा तिसरीच. घाम फुटायचा नाही, भीतीही वाटायची नाही. एवढंच वाटायचं की आज वाटपाचं बीट संपायला उशीर होणार. वरून विमान गेलं की जाग यायची आणि टीव्हीवर कुणीतरी रडत असायचं.

मार्चच्या शेवटी जाडसर पाकीट आलं. पोस्टमनने ते वर आणून दिलं आणि तिकिटं दाखवून म्हणाला, "काका, हे कुठून?" दीनानाथनी पाकीट लगेच फोडलं नाही. संध्याकाळपर्यंत मांडीवर ठेवून बसले.

रंजिताने ते मोठ्याने वाचलं, मराठीत सांगत सांगत. सत्यवती लसूण सोलत ऐकत होती. पोस्टमास्तरांनी दीनानाथचं पत्र जिच्याकडे पोचवलं, ती लिहिणारी बाई आनिका नावाची, निवृत्त शिक्षिका. कार्ड जिच्या नावाने होतं, ती मारिया तिची आजी. पाठवणारा योझे, आजोबा.

आनिकाने लिहिलं होतं, ‘१९१७च्या ऑगस्टमध्ये लढाई आमच्या पठारावर चढून आली आणि फौजेने दोन दिवसांत गाव रिकामं केलं. आजीला निर्वासितांच्या छावणीत नेलं. आजोबा पूर्वेच्या आघाडीवर होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानंतर दीड वर्ष आजीला त्यांची एक ओळ आली नाही. ते गेले असं धरून तिने त्यांचा लोकरी कोट छावणीतल्या एका आजारी माणसाला देऊन टाकला. १९१९च्या वसंतात आजोबा तिला शोधत चालत त्या छावणीत आले. त्यांना पहिली दिसली ती आजी नाही, स्वतःचा कोट घालून बसलेला परका माणूस.’

लसूण सोलणारे हात थांबले.

‘ते चौतीस-पस्तीस वर्षं एकत्र राहिले, पण हे भांडण मिटलं नाही. आजी म्हणायची, तू एक कार्ड टाकलं नाहीस. आजोबा म्हणायचे, टाकलं होतं. आजीने शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. लहानपणी मला आजोबाच खोटं बोलतात असं वाटायचं. ठिपक्याबद्दल तुम्ही विचारलंत. ते कशासाठी, मला सांगता येणार नाही. आजोबांना नऊपैकी तेवढीच ओळ वाचता येत होती, एवढं खरं.’

पुढे तिने गावाचं लिहिलं होतं. ‘आजोबा घर न सोडता तीन देशांत राहिले. सम्राटाच्या वेळी आमच्या भाषेला निदान एक ओळ होती. इटलीच्या वेळी शाळेतून ती काढून टाकली. मुलं घरचा शब्द बोलली तर मार खायची. मग आमचं राज्य आलं. आम्ही गाणी म्हटली, पाट्या बदलल्या. त्याच वर्षी गावातला इटालियन न्हावी बायकामुलांना घेऊन निघून गेला. त्याला कोणी जा म्हटलं नव्हतं. त्याच्याशी बोलणंच सगळ्यांनी थांबवलं होतं. आजोबा म्हणायचे, आपण पाटी बदलली, खोड तीच ठेवली.’

रंजिता इथे थांबली. पुढचा कागद तिने उलटला, पण वाचला नाही.

"काय झालं?" दीनानाथनी विचारलं.

"काही नाही. पाणी पिऊन येते." ती आत गेली.

ती कितीतरी वेळ बाहेर आली नाही. दीनानाथ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ती ओट्याला टेकून उभी होती. का विचारावंसं वाटलं ते त्यांना नंतरही सांगता आलं नसतं, पण त्यांनी विचारलं, "रंजिता, तुझ्या भाषेत ते वाक्य कसं म्हणतात? मी बरी आहे, ते?"

रंजिता सोलापूरची. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरातली, माहेरची भाषा तेलुगू. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. परेशची आणि तिची ओळख वाशीच्या कॉलेजात झाली. लग्नाला आठ वर्षं झाली होती.

"मंचिगुन्न," ती म्हणाली. मग पुन्हा, सावकाश, "नेनु मंचिगुन्न."

"मी हे तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही."

"ऐकलंय, बाबा. एकदा." ती पेल्याकडे बघत होती. "लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. मी हॉलमध्ये आईशी फोनवर बोलत होते. इथल्या आईंनी विचारलं, ‘आमचीच चुगली करतंस ना गो?’ हसतच विचारलं. तुम्ही पण हसलात. तेव्हापासून मी घरात माझ्या आईशी मराठीतच बोलते."

"आणि तुझ्या आईला..."

"तिला मराठी येतं. बाजारापुरतं. त्यात मी काय सांगणार? बरी आहे. सगळं ठीक आहे. जेवलीस का. बस." ती थोडं हसली. "वर्गात मी ते कार्ड पोरांना शिकवलं, तर त्या एका वाक्याशी अडखळले होते. न्हाव्यामुळे आज कळलं, का ते."

दीनानाथना ती दुपार आठवेना. इतकं काही झालं आणि आपण तिथे होतो, हसलो, आणि आठवतही नाही. बाकावर उभं केलेला दिवस मात्र साठ वर्षांनीही जसाच्या तसा होता, गुरुजींच्या टोपीवरच्या डागासकट. दोन्ही वेळचं हसणं त्यांना आता एकाच आवाजात ऐकू येऊ लागलं.

सकाळी त्यांनी सत्यवतीला सांगितलं. ती आधी चिडली.

"मी मस्करी केली ती! आठ वर्सां पोरीनं मनात ठेवलान? मना एकदा सांगाचं होतं."

"कसा सांगंल? नवी होती."

"मंग तुमी का नाय सांगितलाव?"

"मना कला नाय."

"कला नाय," ती पुटपुटली. पदर तोंडाला लावून ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "मी कोन गावची, लग्न होऊन आलो, तवा तुमची आये मना बोलायची, तुमच्या कोनवाल्यांची बोली आमच्यासारखी नाय. दोन वर्सां मी हलू बोलत होतो. चार-पाच कोसांवरच्या गावाची मी, तरी."

मग आत येऊन तिने चहाचं आधण ठेवलं.

कार्डाचं काय करायचं, हे दीनानाथच्या मनात ठरलेलं होतं. परेश म्हणाला, "बाबा, तुमच्या सगळ्या कार्डांत हेच एक दुर्मिळ आहे. फोटो पाठवा ना. चांगला स्कॅन करून देतो."

"फोटो नाय चालनार. टपाल हाय ते. मूळच द्यावं लागतं."

ते पनवेलच्या मोठ्या पोस्टात गेले. काउंटरवर नवी मुलगी होती, त्यांना ओळखत नव्हती. त्यांना त्याचं बरं वाटलं.

"आत काय आहे?"

"एक पोस्टकार्ड."

"लिफाफ्यात पोस्टकार्ड? नुसतं कार्डच टाकायचं ना, आजोबा."

"टाकलं होतं. पोचलं नाही."

तिने मान वर करून पाहिलं, पण मागे रांग होती. रजिस्टरचा चिकट कागद तिने डकवला, शिक्का मारला. तो आवाज ऐकून दीनानाथ तिथेच जरा उभे राहिले. मग रिक्षा न करता वडाळे तलावाच्या काठाने चालत निघाले. ऊन उतरलं होतं. बाकांवर माणसं बसली होती, एक कुटुंब गुजरातीत भांडत होतं, दोन बुरखेवाल्या बायका आइस्क्रीम खात उर्दूत हसत होत्या, कोणीतरी फोनवर मल्याळममध्ये काही समजावत होतं. पाण्यावरून ते सगळं एकत्र होऊन यायचं, आणि त्यातला एकेक आवाज वेगळा काढायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. पिशवीशिवायचा खांदा हलका लागत होता. कोट हरवून युद्धातून परतलेल्या त्या माणसाला किती थंडी वाजली असेल, हे मात्र त्यांना त्या उन्हातही जाणवलं.

रविवारी सकाळी रंजिताने नेहमीसारखा सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला आणि हॉलमध्ये एका कोपऱ्यात बसली. "हॅलो आई, कशी आहेस? मी बरी..."

"रंजिता," सत्यवती मध्येच म्हणाली. ती जमिनीवर बसून बोंबील साफ करत होती आणि मान वर न करता बोलली, "तुज्या आयेशी तुमच्या भाषेन बोल."

रंजिताने फोन किंचित खाली घेतला.

"मी आत जात नाय. हितंच बसतंय. मना कलला नाय तरी चालंल. बोल."

रंजिताने फोन पुन्हा वर धरला. जिन्यात, रस्त्यावर, क्लासच्या गच्चीवर ती आईशी कधीमधी तेलुगू बोलत असे. या खोलीत मात्र तिच्या जिभेला वाट सापडत नव्हती. शेवटी तिने हळूच म्हटलं, "अम्मा, मंचिगुन्नावा?"

पलीकडे आईचा चेहरा एकदम उतरला. "एमैंदि?" ती ओरडली. "एमैंदि, बिड्डा?"

"काय बोलतात?" दीनानाथनी घाबरून विचारलं.

"काय झालं, बाळा, विचारतेय." रंजिताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. "घरातून तेलुगू बोलले ना, तिला वाटलं काहीतरी आक्रीत झालं."

मग ती बोलत सुटली. आधी अडखळत, मध्ये मराठी शब्द घालत, मग न थांबता. दहा मिनिटांनी ती कोपऱ्यातून उठून सोफ्यावर आली, अर्ध्या तासाने पाय वर घेऊन बसली. तिचा आवाजही वेगळा झाला होता, थोडा खालचा, थोडा भांडखोर. आपल्या घरात कुणी दुसरीच मुलगी आली आहे, आणि ती आठ वर्षं इथेच राहत होती, असं दीनानाथना वाटलं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"माजा नाव घेतलास," सत्यवती अचानक म्हणाली. "अत्तम्मा बोललीस ती मीच ना?"

"तुम्हीच, आई."

"काय सांगितलास?"

"तुम्ही बोंबील साफ करताय म्हणून. ती विचारतेय, हे असलं बुळबुळीत कसं खाता?"

"बुलबुलीत?" सत्यवतीने हात पदराला पुसला आणि फोन मागितला. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बोंबील धरून तिने तो कॅमेऱ्यासमोर नाचवला. "अवो विहीनबाय, आदी दाबून पानी काराचा. मंग रवा लावाचा. तुमी या हिकरं, मी दावतंय."

पलीकडून तेलुगूत काहीतरी लांबलचक आलं. सत्यवतीने मान डोलावली आणि पुढचं सांगायला लागली. रंजिता दोघींच्या मध्ये सांगायला गेली, तर सत्यवतीने तिला हातानेच थांबवलं.

"तू ऱ्हा गो जरा. त्या बोलतान ना."